टीव्ही चालू, पालक ऊसतोडीला

मुलांनी टीव्हीवरची हाणामारी पाहू नये म्हणून आजवर जे जे उपाय निघाले, त्यांची शेवटची ओळ बहुधा एकच असते: पालकांनी लक्ष ठेवावे. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर 'यूए' छापले की पुढचे पालकांनी पाहायचे. अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्याने टीव्हीच्या संचातच व्ही-चिप बसवायला लावली. २००० पासून तेरा इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती आली, पण चालू करायची ती पालकांनीच. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर वयोगटांच्या पाट्या आणि 'पॅरेंटल लॉक' आणले. ते कुलूप लावायचे कोणी, तर तेही पालकांनी. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्याचे काम करताना या ओळीपाशी येऊन अडायला होते. दसरा-दिवाळी झाली की वडवणी, धारूर, शिरूर कासार, पाटोदा, केज या भागातल्या वाड्यावस्त्यांवरचे तरणे हात मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. शाळेचे निम्मे वर्ष या मुलांच्या घरात 'पालक' नावाचे माणूसच नसते. असते ती आजी, कधी आजोबा, आणि टीव्ही.

या टीव्हीबद्दल कुत्सितपणे बोलायचे कारण नाही. पत्र्यावर बसवलेली फ्री डिशची छत्री दर महिन्याचे रिचार्ज मागत नाही, आणि माणसे गेल्याने सुन्या झालेल्या घरात तो आवाज आजीला सोबत असतो. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत होती आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्यापर्यंत अभ्यास पोहोचवायला हाच संच कामी आला. तेव्हा टीव्ही वाईट, तो घरातून काढा, हा सल्ला शहरातल्या सुखवस्तू घरासाठी असेल. इथे तो निर्दय आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात त्या संचावर काय चालते आणि ते पाहताना मुलाच्या शेजारी कोण असते, हे मात्र पाहायला हवे.

काय चालते? हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट, गुन्ह्यांच्या मालिका आणि बातम्या. मुलांच्या वागण्यात पहिल्या दोहोंचा परिणाम लगेच दिसतो. आदल्या रात्री नायकाने दहाजणांना हवेत उडवले असेल तर मधल्या सुट्टीत पटांगणावर तेच सुरू असते. अशा वेळी पोरे हसत असतात, पडलेला उठतो, आणि पुढचा तास सुरू झाला की ते संपते. या नकलेची धास्ती मला फारशी वाटत नाही. आल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत, मोठ्यांनी हवेच्या बाहुलीला बडवलेले पाहून मुलेही तिला तसेच बडवतात, हे दाखवले. १९६३ मध्ये तोच प्रकार पडद्यावर दाखवूनही परिणाम तसाच आला. पण बाहुली बडवणे आणि माणूस मारणे यात अंतर आहे, असे आक्षेपकांनी तेव्हाच म्हटले होते आणि ते खरे आहे. शाळेत जाणवतो तो फरक वेगळा. सिनेमाच्या नकलेत मूल नायक होते. बातमी पाहून आलेले मूल खेळत नाही, ते प्रश्न विचारते. त्या गावाला आपण ओळखतो का, ती माणसे पकडली का, सुटली तर इकडे येतील का. पाठोपाठ एकट्याने लघवीला न जाणे, संध्याकाळच्या वर्गाला न थांबणे, आईबापांच्या फोनची वाट पाहत बसणे. आणि काही मुलांत, विशेषतः वयाने मोठ्या मुलांत, नेमके उलटे: मारणाऱ्याचे नाव आदराने घेणे.

जॉर्ज गर्बनर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे टीव्हीची आशयगणना करून जो निष्कर्ष मांडला तो मला या कामात बँडुरांपेक्षा अधिक उपयोगी वाटला. फार टीव्ही पाहणारा माणूस हिंसक होईलच असे नाही, पण जग आहे त्याहून अधिक क्रूर आहे असे मानू लागतो, असे त्यांचे म्हणणे. भ्यायलेला समाज दांडगटाच्या मागे उभा राहायला लवकर तयार होतो, ही त्याची पुढची पायरी, आणि बीडमध्ये ती समजावून सांगावी लागत नाही. कंबरेला पिस्तूल लावून फिरणे, हवेत गोळ्या झाडल्याची चित्रफीत स्वतःच पसरवणे हे इथे रुबाबाचे लक्षण होऊन बसले होते. शस्त्रपरवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि प्रशासनाला ते रद्द करायला बसावे लागले, ते एका खुनानंतर.

तो खून म्हणजे केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा. ९ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे अपहरण करून त्यांना मारण्यात आले. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकाराशी या खुनाचा संबंध तपास यंत्रणेने जोडला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील, तो या लेखाचा विषय नाही. विषय आहे ३ मार्च २०२५ ची संध्याकाळ. मारहाण चालू असतानाच मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींतली छायाचित्रे दोषारोपपत्राला जोडलेली होती, ती त्या संध्याकाळी बाहेर आली आणि वाहिन्यांवर झळकली. दुसऱ्या दिवशी या प्रकरणावरून टीकेचे लक्ष्य झालेले मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती आणि ऊसतोडीला गेलेले बरेच पालक अजून परतायचे होते. जिल्ह्यातल्या मुलांनी ती छायाचित्रे आजीच्या शेजारी बसून पाहिली.

तो पडदा जवळून पाहिला पाहिजे. मधोमध छायाचित्र, त्यावर पातळशी धूसर झिलई, इतकी पातळ की काय चालले आहे ते कळावेच. भोवती लाल वर्तुळ, त्याकडे जाणारा बाण. छायाचित्र हलत नाही म्हणून कॅमेराच त्याच्याकडे सरकतो, मागे ठोक्याठोक्याचे संगीत. खाली पट्टी: ही दृश्ये तुम्हाला विचलित करू शकतात. दृश्य आणि इशारा एकाच क्षणी, म्हणजे इशारा वाचून होईतो पाहून झालेले. आणि वाचणार कोण? दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरे अजून अडतात, आजीला अक्षर येत नाही. कायद्याच्या दृष्टीने वाहिनीने सावध केले; प्रत्यक्षात त्या खोलीत कोणालाही सावध केले गेले नाही. मग जाहिरात, मग तेच पुन्हा. लहान मुलाला पुनःप्रक्षेपण कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक वेळी नव्याने कोणाला तरी मारलेले असते, हा इशारा अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथल्या बालतज्ज्ञांनी वारंवार दिला होता. त्या हल्ल्यानंतर काही दिवसांत देशभर झालेल्या एका पाहणीत ३५ टक्के मुलांमध्ये तणावाचे किमान एक लक्षण असल्याचे पालकांनी सांगितले, आणि यातली बहुसंख्य मुले न्यूयॉर्कपासून कितीतरी दूर राहणारी होती. मस्साजोग आमच्या मुलांपासून एका एसटीच्या अंतरावर आहे.

इथे सर्वांत जड आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. ती छायाचित्रे दिसली नसती तर राजीनामा झाला असता का? महिनाभर, दोन महिने मोर्चे निघत होते, भाषणे होत होती. हलली ती सत्ता छायाचित्रांनी. मग मुलांच्या कोवळ्या मनाची ढाल पुढे करून तुम्ही गुन्हेगारांनाच झाकत नाही का? या युक्तिवादात तथ्य आहे. क्रौर्य लपले की ते माजते. पण यात दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. पुरावा अस्तित्वात आहे, तो असा आहे, तो न्यायालयापुढे आहे, हे सांगणे ही पत्रकारिता. तोच पुरावा संगीत लावून रात्री नऊपर्यंत फिरवत ठेवणे, ही दुसरी गोष्ट. राजीनाम्याचा दबाव पहिल्या प्रसारणानेच तयार झाला असेल, तर त्यानंतरच्या आवर्तनांनी काय साधले? शिवाय त्या चित्रीकरणाकडे नीट पाहा. मारणाऱ्यांनी ते टिपले ते पुरावा म्हणून नव्हे. ते दाखवण्यासाठी, मिरवण्यासाठी होते. त्यांना हवा असलेला प्रेक्षक वाहिन्यांनी फुकट मिळवून दिला. दहशत बसावी हाच ज्या चित्रणाचा हेतू, ते चित्रण आहे तसे पुनःपुन्हा दाखवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, गावातल्या बारा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचते ती दहशतच. आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घरातही मुले असतात, टीव्ही असतो.

याआधी ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात आमदारांची घरे पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. तेव्हा व्हॉट्सअॅप गप्प होते, म्हणून त्या रात्री घराघरांत टीव्हीच काय तो बोलत होता. आता सगळे मोबाइलवर आहे, टीव्हीची चर्चा जुनी झाली, असे म्हणणाऱ्यांनी ही रात्र आठवावी. एरवीसुद्धा मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यात बहुधा कोणत्या तरी वाहिनीचे बोधचिन्ह असते. टीव्हीवर आले म्हणजे खरे, आणि दाखवायला हरकत नसलेले, अशी त्याला मान्यता मिळालेली असते.

मग नियम नाहीत का? भरपूर आहेत. केबल टीव्ही कायदा १९९५ चा. त्याखालच्या कार्यक्रम संहितेत मुलांना न साजणारे कार्यक्रम, मुले मोठ्या संख्येने पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे स्पष्ट लिहिले आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी जनहित याचिका केली आणि उच्च न्यायालयाने २००५ च्या अखेरीस 'ए' प्रमाणपत्राचे चित्रपट टीव्हीवर दाखवायला मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी कारवाई केली तेव्हा मुंबईत चित्रपट वाहिन्याच काही काळ पडद्यावरून गेल्या आणि मोठा गहजब झाला. एका प्राध्यापिकेच्या चिकाटीने देशातल्या वाहिन्यांना चित्रपट कापूनछाटून दाखवायला लावले, हे थोडे नाही. पण हा सगळा खटाटोप सिनेमाचा. बातमीला प्रमाणपत्र नसते. ती कोणत्याही वेळी, कोणत्याही वयापुढे येऊन उभी राहते. ९ जानेवारी २०२३ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचनापत्र काढले. रक्त, मृतदेह, मारहाण जवळून दाखवू नका, घरात लहान मुले आणि वृद्धही पाहत असतात, असे त्यात बजावले होते. पाटण्याच्या एका शिकवणीत पाच वर्षांच्या मुलाला झालेल्या मारहाणीचे चित्रण त्याचा आर्तनाद न वगळता दाखवले गेले, हे त्यात उदाहरणादाखल होते. त्यानंतर दोन वर्षांनी ३ मार्च उगवला. वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था २००८ पासून आहे. तिच्या एक लाख रुपयांच्या दंडाने कोणत्या वाहिनीला जरब बसणार, असे सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये विचारले. शिवाय तक्रार करायची ती आधी वाहिनीकडे, ठरलेल्या दिवसांत, मग त्या संस्थेकडे. म्हणजे पुन्हा कोणी तरी शिकलेला, सवडीचा, घरी असलेला पालक गृहीत धरलेला.

हिंसा बीडमध्ये टीव्हीने आणली का, असाही प्रश्न विचारला जातो. नाही आणली. वाळू, खंडणी, राखेची वाहतूक, जातीच्या भिंती, पाऊस नसणे, काम नसणे यांतून ती आली आहे. जगभरच्या संशोधनातही टीव्हीचा वाटा मध्यमच दिसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलंबिया परगण्यात १९६० मध्ये आठ वर्षांच्या मुलांपासून सुरू झालेल्या एरन-ह्यूसमन अभ्यासात, लहानपणी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे पुढे अधिक आक्रमक निघाले; मुलींमध्ये तसा संबंध तेव्हा दिसला नाही. जोनाथन फ्रीडमन यांच्यासारखे अभ्यासक तर हा सगळा पुरावाच कच्चा आहे म्हणतात. मला या वादात दोन ठिकाणांची उदाहरणे सर्वांत बोलकी वाटतात. कॅनडातल्या एका गावात, संशोधकांनी त्याला 'नोटेल' असे नाव दिले, डोंगरांमुळे १९७३ पर्यंत टीव्ही पोहोचला नव्हता. तो आल्यावर दोन वर्षांत शाळेच्या मैदानावरची मारामारी आणि शिवीगाळ वाढली. उलट दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आला, टोनी चार्लटन यांच्या गटाने वर्षानुवर्षे मुलांवर लक्ष ठेवले, आणि वागणे बिघडल्याचे दिसले नाही. कारण शोधताना त्यांना आढळले ते असे की त्या बेटावर प्रत्येक मूल कोणाच्या ना कोणाच्या नजरेत असते. खोडी केली की घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते. म्हणजे परिणाम ठरतो तो पडदा आणि पडद्याभोवतीची माणसे या दोहोंतून. मला हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत, आणि दुर्दैवाने नोव्हेंबर ते मार्च आमची वस्ती सेंट हेलेना राहत नाही.

पोवाड्यात, कीर्तनात, चौथीच्या 'शिवछत्रपती'च्या पुस्तकातही रक्त सांडतेच की, असे एक म्हणणे असते. सांडते. पण तिथे सांगणारा समोर असतो. अफझलखानाचा प्रसंग शिकवताना तो का आला, त्याआधी काय घडले, मेलेल्या शत्रूचे पुढे काय केले, हे सांगितल्याशिवाय धडा पुढे सरकत नाही. शाहीर जिथे आवाज चढवतो तिथेच उतरवतोही. वृत्तवाहिनीच्या आठ सेकंदांच्या तुकड्याला आगापीछा नसतो, आणि मुलाचा 'का' ऐकायला निवेदक थांबत नाही. या घरांत कोयता दाराआड टेकवलेला असायचा. आईबापांनी सोबत नेला की त्याची जागा रिकामी दिसते. २०२२-२३ मध्ये पुण्यातल्या 'कोयता गँग'ची सीसीटीव्ही चित्रणे दिवसभर चालली, तेव्हा आपल्या घरात ज्याच्यावर पोट भरते त्या वस्तूचे दुसरे रूप या मुलांनी पाहिले. मधल्या सुट्टीत तुरीची काडी हातात धरून त्या चालीने चालणे सुरू झाले. ते थांबवायला दटावणी पुरली नाही. कोयत्याला धार कोण लावते, मोळी कशी बांधतात, दिवसाला किती टन निघतो, हे मुलांनीच वर्गात सांगायला लागल्यावर काडी आपोआप खाली आली. हिंसेची बातमी दाबून नव्हे, तिच्याभोवती बोलणे उभे करून.

हे बोलणे उभे राहील अशी जागा मात्र हवी. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याचे कौतुक सर्वत्र झाले. ते करावेच. पण तो भोंगा ऐकून टीव्ही बंद करणारे हात त्या गावात आहेत. किंबहुना त्याच सांगलीच्या शिवारात आमच्या मुलांचे आईबाप त्या वेळी मोळ्या भरत असतात. आमच्याकडे भोंग्याचे काम हंगामी वसतिगृहाला करावे लागेल. आईबापांबरोबर होणारे मुलांचे स्थलांतर रोखण्यासाठीची ही योजना चांगली आहे, तिच्यामुळे मुले गावात आणि शाळेत टिकतात. पण अनेक ठिकाणी ती जेवणापुरती उरते. संध्याकाळचे ताट झाले की मूल आजीकडे झोपायला जाते, म्हणजे नेमके सातच्या बातम्यांना घरी पोहोचते. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहे मंजूर केली. तिथे मुक्काम असतो. पण वाडीवरची पहिली-दुसरीची पोरे आजीला सोडून तालुक्याला जात नाहीत, आणि जावीत असेही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हंगामी वसतिगृह रात्री नऊपर्यंत उघडे ठेवायचे, आणि त्या वेळेसाठी मानधनावर एक माणूस द्यायचा. शिक्षकाच्या गळ्यात आणखी एक काम नको, ती आधीच पुष्कळ आहेत. त्या वेळात टीव्ही असला तरी चालेल, फक्त समोर एक मोठे माणूस बसलेले हवे, जे आवाज कमी करून विचारू शकेल, काय समजले रे. जिल्ह्यात काही भयंकर घडले असेल तर ते वर्तमानपत्रातून वाचून दाखवायचे, लपवायचे नाही. वाहिन्यांकडून हवे ते एवढेच की इशारा दृश्याच्या आधी यावा, तो बोलून दिला जावा, दोन्हींमध्ये रिमोट सापडेल इतका वेळ असावा, आणि मुले जागी असताना मारहाणीचे चित्रण एकदाही न फिरवता बातमी सांगितली जावी. आजीच्या खोलीतला टीव्ही तिथेच राहू द्यावा. नऊला पोरगे जेवून, बोलून, जांभया देत घरी आले की तिने हवी ती मालिका लावावी.